शेजारच्या मागाचा आवाज आणि टॉर्टचा पेपर

वकील अक्का, सप्रेम नमस्कार.

मी वडगावात राहते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, मग बी.ए. केलं आणि यंदा तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. घरात वकील सोडाच, पदवीधरही मी पहिलीच. बाबा यंत्रमागावर कामाला आहेत. बाकीचे विषय कसेबसे जमतात, कारण त्यांना कायद्याचं पुस्तक आहे, कलमं आहेत. टॉर्टला काहीच नाही, नुसत्या इंग्लंडमधल्या केसेस. कुणाच्या बाटलीत गोगलगाय, कुणाच्या गाढवाचे पाय बांधलेले. नावं पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. अंतर्गत परीक्षेत २० पैकी ६ मार्क पडले. मी दोन पानं भरून केसेस लिहिल्या होत्या, तरी सरांनी खाली 'नॉट अप्लाइड' एवढाच शेरा मारला. रात्री अभ्यासाला बसावं तर शेजारच्या शेडमध्ये दिवाळीपासून आठ नवे माग बसवलेत. दीड वाजेपर्यंत खटाखट चालू. सांगायची सोय नाही, बाबा तिथेच कामाला आहेत. आई म्हणते, 'काय वाचालीस गं एवढं? झेपत नसलं तर बी.एड. कर.' मी लॉ सोडावं का? की केसेस पाठ करायची काही युक्ती आहे?

— एक विद्यार्थिनी, वडगाव, बेळगाव

*

प्रिय मुली,

लॉ सोडू नकोस. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझ्या पत्रात मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो सरांचा शेरा. नियम लिहिलास, केस लिहिलीस, पण प्रश्नात दिलेल्या प्रसंगाला ते लावून दाखवलं नाहीस, असं ते म्हणतायत. तुझे मार्क पाठांतर कमी पडलं म्हणून गेलेले नाहीत, त्यामुळे पाठांतराच्या युक्तीने ते परत यायचे नाहीत. आणि कायदा लावून बघायला प्रसंग हवा असेल तर तो तूच पत्राच्या शेवटी लिहून पाठवलायस. त्या आठ मागांकडे मी येतेच. त्याआधी पुस्तक का नाही, ते बघू.

'टॉर्ट' हा शब्द लॅटिनमधल्या 'वाकडं' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. एखादा वाकडा वागला आणि त्यात दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते कुणी भरून द्यायचं, एवढाच या विषयाचा प्रश्न. मराठीत आपण अपकृत्य म्हणतो. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी समोर आलेल्या एकेका भांडणातून नियम काढत नेले आणि ब्रिटिश अमलात ते आपल्या कोर्टांत आले. एकोणिसाव्या शतकात सर फ्रेडरिक पोलॉक यांनी भारतासाठी या विषयाचा मसुदाही केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. करार कायदा १८७२ चा. तो उघडलास की दुसऱ्या कलमातच व्याख्या सापडतात. टॉर्टमध्ये व्याख्या शोधायला गेलं की माणसं सापडतात. म्हणून तो पाठ होत नाही, पण एकदा ती माणसं ओळखीची झाली की विसरतही नाही.

ती गोगलगायवाली बाईच घे. तिचं नाव मे डोनह्यू. ग्लासगोजवळच्या पेस्ली गावात २६ ऑगस्ट १९२८ च्या संध्याकाळी ती ओळखीच्या कुणाबरोबर एका कॅफेत गेली. सोबतच्या व्यक्तीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. जिंजर बिअर म्हणजे आपल्या सोड्यासारखंच पेय, आल्याच्या चवीचं, पण बाटली गडद रंगाची, आतलं काही दिसायचं नाही. अर्धी बाटली पोटात गेल्यावर उरलेली ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली. आता अडचण बघ. पैसे तिने दिले नव्हते, त्यामुळे कॅफेवाल्याशी तिचा करार नाही. बाटली भरणाऱ्या कारखानदाराला तर तिने कधी पाहिलंही नव्हतं. मग दावा लावायचा कुणावर?

ती दुकानात काम करणारी बाई होती. सगळ्या जगात मिळून माझ्याकडे पाच पौंडही नाहीत, असं तिने लिहून दिलं, तेव्हा तिला गरीब पक्षकार म्हणून खर्चाच्या जामिनाशिवाय अपील चालवू दिलं. तिचे वकील वॉल्टर लीचमन काही आठवड्यांपूर्वीच अशाच बाटलीत उंदीर निघाल्याची केस हरले होते. तरी त्यांनी ही घेतली. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे एक न्यायाधीश पलीकडे झुकले असते तर आज तुझ्या पुस्तकात हा धडा नसता. आणि हेही लक्षात ठेव, परीक्षेत निम्मी मुलं इथे चुकतात: बाटलीत खरोखर गोगलगाय होती की नाही, हे शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही. तिचं म्हणणं खरं धरलं तर कायदा दाद देतो का, एवढाच प्रश्न लॉर्ड्ससमोर होता. पुढे तडजोड झाली.

या निकालात त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड अॅटकिन यांनी विचारलं, कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? भिंतीला भिंत लागून राहतो तो, असं उत्तर त्यांनी दिलं नाही. माझ्या वागण्याचा ज्याच्यावर इतका जवळून आणि थेट परिणाम होतो की वागताना तो माझ्या डोळ्यांपुढे असायलाच हवा, तो माझा शेजारी. बाटली भरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाटली पिणारी बाई असायला हवी. ड्यूटी ऑफ केअर म्हणतात ती ही.

आपल्याला हा विचार नवा नाही, आपल्याकडे शेजारधर्म आहे. पण इथेच सावध राहा, कारण कायद्याचा शेजारधर्म आपल्यापेक्षा बराच तोकडा आहे. तुमच्या गल्लीत कुणाच्या घरी मयत झाली तर चूल पेटत नाही, शेजारी भाकरी नेऊन देतात. कायदा एवढं मागत नाही. शेजाऱ्यावर प्रेम कर ही शिकवण कायद्यात येताना शेजाऱ्याला इजा करू नकोस एवढीच उरते, हे अॅटकिननीच स्पष्ट केलंय. विहिरीत पडलेल्या अनोळखी माणसाला काठावरच्या माणसाने दोर टाकला नाही, तर साधारणपणे टॉर्टमध्ये त्याच्यावर दावा होत नाही. माझ्या मनाला हे तीस वर्षांत पटलेलं नाही. पण उत्तर लिहिताना मनाला पटलेलं आणि कायद्यात असलेलं ही दोन वेगळी वाक्यं करायची, ही सवय पहिल्याच वर्षी लावून घे.

आता तुझे माग.

समज, प्रश्न असा आला: 'वस्तीत घरालगतच्या शेडमध्ये एकाने आठ यंत्रमाग बसवले. ते रात्री दीडपर्यंत चालतात. शेजारच्या घरातल्या विद्यार्थिनीला अभ्यास आणि झोप अशक्य झाली आहे. तिला काय दाद मिळेल?' तू धावत जाऊन न्यूसन्सची, म्हणजे उपद्रवाची, व्याख्या लिहिशील. थांब. आधी मागांचं ऐक. धोटा इकडून तिकडे आपटतो तो आवाज वेगळा आणि जमिनीतून येणारा हादरा वेगळा. फडताळातल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं किणकिणतात का? भिंतीला चीर गेलीय का? चीर गेली असेल तर मालमत्तेचं नुकसान. नुसती झोप जात असेल तर घराचा उपभोग घेण्यात अडथळा. खासगी उपद्रवाच्या या दोन बाजू आहेत आणि कोर्ट दोन्हींकडे सारख्या नजरेने पाहत नाही. भिंत तडकली असेल तर वस्ती कशी आहे याला फारसं महत्त्व नाही. झोपेचा प्रश्न असेल तर वस्तीचा विचार होतो.

त्यासाठी १८७९ ची स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन वाच. एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ मोठ्या खलबत्त्यांत कुटत होता. शेजारच्या डॉक्टरांनी आपल्या बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली, तेव्हा त्यांना आवाजाचा त्रास होऊ लागला. मिठाईवाला म्हणाला, मी आधीपासून आहे. कोर्टाने ते मान्य केलं नाही. ज्याला त्रास होतो तो नंतर राहायला आला, हा बचाव होत नाही. आणि न्यायाधीश म्हणाले की लंडनच्या बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल, तो बरमंडसीत ठरेलच असं नाही. बेलग्रेव्ह स्क्वेअर म्हणजे श्रीमंतांची वस्ती, बरमंडसी म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची. हे वाक्य पाठ करून काय उपयोग? ते वडगावला लावून बघ. मालकाचा वकील उभा राहून म्हणेल, वडगाव, खासबाग, शहापूर ही विणकरांचीच वस्ती, इथे मागाचा आवाज नवा नाही, टिळकवाडीतल्या बंगल्याचा न्याय इथे लावू नका. हा बिनतोड वाटणारा मुद्दा आहे. तू त्याला काय उत्तर देशील? मी म्हणेन: दिवसा मागाचा आवाज हा वडगावचा रिवाज असेल, रात्री दीडचा नाही. जुने दोन माग वेगळे, नवे आठ वेगळे. आणि ज्या गल्लीत सगळे पहाटे उठून कामाला जातात, तिथे झोपेची किंमत टिळकवाडीपेक्षा कमी कशी?

भारतातलं उदाहरण हवं असेल तर अलाहाबाद उच्च न्यायालयाची राधेश्याम विरुद्ध गुरुप्रसाद आहे, १९७८ ची. राहत्या इमारतीत पिठाची गिरणी बसवायला निघालेल्या माणसाला कोर्टाने मनाई केली. गिरणीच्या जागी माग ठेव, उत्तर निम्मं तयार झालं. त्याच्या जोडीला ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम घे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५, औद्योगिक भागात ७०. म्हणजे तुमची गल्ली नेमक्या कोणत्या रकान्यात बसते, यावर पुन्हा भांडण. हे आकडे टॉर्टचे नाहीत, पण त्रास वाजवी की अवाजवी हे पटवताना हाताशी येतात.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न, जो मुलं विसरतात. दावा लावणार कोण? घर कुणाच्या नावावर आहे? १९०७ ची मेलोन विरुद्ध लास्की वाच. शेजारच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी पाण्याच्या टाकीखालचा लोखंडी आधार निखळून एका बाईच्या अंगावर पडला. उपद्रवाचा तिचा दावा फेटाळला गेला, कारण घरावर तिचा स्वतःचा कोणताच हक्क नव्हता. ती तिथे नवऱ्याची बायको म्हणून राहत होती, बस्स. १९९७ मध्ये हंटर विरुद्ध कॅनरी वॉर्फ या केसमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हाच नियम पुन्हा उचलून धरला. वाचून तुला चीड येईल, यायलाच हवी. त्याच घरात राहणाऱ्या, तोच हादरा सोसणाऱ्या मुलीला कायदा विचारतो, उतारा कुणाच्या नावाने? म्हणजे तुझ्या प्रसंगात दावा बाबांनी लावायचा, आणि बाबांची मजुरी त्याच शेडमधून येते. पेपरमध्ये हे तू दोन ओळींत लिहिशील. घरात त्याचा अर्थ काय होतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

म्हणून वकील म्हणून नाही, अक्का म्हणून सांगते. दावाबिवा मनात आणू नकोस. आईला म्हणावं, मालकाच्या घरातल्या बाईंशी बोल. परीक्षेचा महिनाभर तरी अकराला माग बंद करा, आणि मागांच्या पायाखाली रबराच्या जाड गाद्या टाका, त्याने हादरा बराच कमी होतो. पोरीच्या परीक्षेसाठी असं मागणं आपल्याकडे कुणी सहसा मोडत नाही. आणि तोवर तू पहाटे चारला ऊठ. चार ते सातला डोकं ताजं असतं आणि माग झोपलेले असतात.

भाषेबद्दल तू पत्रात फारसं लिहिलं नाहीस, पण 'मराठी शाळेत शिकले' हे पहिल्याच ओळीत लिहिलंस. त्यावरून मी समजले. आपल्या भागातल्या मुलांचं असंच आहे. तास इंग्रजीत, कोर्टातला जबाब कन्नडमध्ये, आणि विचार मराठीत. मीही याच वाटेने आले. पहिलं वर्ष मी इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी पाठ केली आणि तुझ्यासारखीच आपटले. मग एका जुन्या वहीत प्रत्येक केसची हकिकत मराठीत लिहायला लागले, आजीला सांगावी तशी. कोण, कुठे, काय झालं, कोण कुणावर चिडलं. त्याखाली कायद्याचा मुद्दा इंग्रजीत, पुस्तकातल्या नेमक्या शब्दांत, कारण ड्यूटी, ब्रीच (ती ड्यूटी मोडणं), डॅमेज (नुकसान), रिमोटनेस (नुकसान चुकीपासून किती लांबचं) या शब्दांना परीक्षेत पर्याय नाही. हकिकत मराठीत एकदा मनात बसली की इंग्रजी वाक्य तिच्यामागे आपोआप येतं. कन्नडचंही भय बाळगू नकोस. तिकडचं 'निर्लक्ष्य' म्हणजे आपला निष्काळजीपणा, कळायला वेळ लागत नाही. 'परिहार' मात्र फसवतो. मराठीत परिहार म्हणजे निवारण, कन्नडमध्ये परिहार म्हणजे नुकसानभरपाई. तीन भाषांत कायदा कळणारा वकील बेळगावच्या कोर्टात दोन भाषांवाल्यापेक्षा पुढे असतो, हे मी रोज बघते.

ते गाढवही सोडू नकोस. त्याची गोष्ट मला माझ्या ज्युनिअरशिपच्या दिवसांत समजली, पुस्तकातून नाही.

संकेश्वरच्या बाजूच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात रात्री एक मोटारसायकलवाला ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दुसरीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर ऊस लोंबतोय. ट्रॅक्टर रस्त्यातच उभा. तरुण माणूस गेला. त्याची बायको दोन मुलांना घेऊन आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसायची, रेशन कार्ड पदराच्या गाठीत बांधून. सीनिअरनी मला जागा बघायला पाठवलं. तिथे मी रस्त्याकडेला उभी असताना त्याच मालकाची दुसरी ट्रॉली गेली. तिच्या मागच्या फळीला सुतळीने एक जुनी सीडी बांधली होती. मागून गाडी आली की उजेडात ती लखलखायची. मी धावत परत आले. सीनिअर म्हणाले, 'बाई, हाच तुझा ब्रीच. त्याला धोका माहीत होता. एका ट्रॉलीला सीडी बांधली, दुसरीला नाही.' मग लगेच विचारलं, 'पण हा गडी किती वेगात होता? वेग कमी असता तर वाचला असता का?'

१८०९ ची बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर बघ. एकाने रस्त्यात आडवा वासा टाकला होता, दुसरा दिवेलागणीला घोडा भरधाव सोडून त्यावर आपटला. शंभर यार्डांवरून वासा दिसला असता, म्हणून स्वाराला एक पैसाही मिळाला नाही. पुढे १८४२ मध्ये डेव्हिस विरुद्ध मान आली. पुढचे पाय बांधलेलं गाढव मालकाने रस्त्यावर सोडलं, गाडीवाल्याने जोरात येऊन ते चिरडलं. तिथे गाढवाच्या मालकाची चूक असूनही भरपाई मिळाली, कारण जरा सांभाळून चालवली असती तर गाडीवाल्याला टाळता आलं असतं. आज आपण दोघांची चूक वाटून घेतो. आमच्या केसमध्ये एकचतुर्थांश दोष त्या तरुणाच्या वेगाला लावला गेला, तेवढी रक्कम कापली. १८०९ चा कायदा असता तर त्या बाईला रिकाम्या हाताने घरी जावं लागलं असतं. वासा, गाढव आणि उसाची ट्रॉली एका ओळीत ठेवलीस की काँट्रिब्युटरी नेग्लिजन्सचा, म्हणजे नुकसान सोसणाऱ्याच्याही निष्काळजीपणाचा, सगळा इतिहास तुझ्यापुढे उभा राहतो.

रक्कम कशी ठरते, तेही एकदा हाताने करून बघ. मोटार अपघाताच्या केसेस पुढे तुझ्या पोटापाण्याच्या आहेत. समज, ३८ वर्षांचा, मागावर महिना १५,००० मिळवणारा माणूस गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. स्वतःच्या मजुरीवर जगणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे: २१,०००. तो स्वतःवर खर्च करत असेल ते वजा करायचं. अवलंबून चौघं, म्हणून एकचतुर्थांश: उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. एकूण २८,३५,०००. त्यात सहवास गमावल्याचे, अंत्यविधीचे असे ठरावीक आकडे वेगळे. गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा केसमध्ये घालून दिला, पुढच्या वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी केसमध्ये. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा माझा हात थरथरला होता. बाप २८ लाखांचा कसा? पण हा हिशेब नीट केला नाही तर ती मुलं शाळेतून निघतात, म्हणून तो नीटच करायचा.

आपल्या राज्याची एक केस मात्र डोक्यात ठेव: पद्मावती विरुद्ध दुग्गनाईक, कर्नाटक उच्च न्यायालय, १९७५. पेट्रोल भरायला निघालेल्या जीपमध्ये दोन अनोळखी माणसं लिफ्ट घेऊन बसली. उजव्या पुढच्या चाकाचा बोल्ट सुटला, जीप उलटली, एक जण दगावला. भरपाई मिळाली नाही. तो निव्वळ अपघात होता, आणि ती दोघं आपल्या मर्जीने बसली होती. आपल्याकडे हात दाखवून गाडीत बसायची सवय सगळ्यांनाच आहे, म्हणून ही केस मला नेहमी टोचते.

लॅटिन वाक्यांना घाबरू नकोस, ती चारपाचच आहेत. १४१० मध्ये ग्लॉस्टरला एका मास्तराने समोर नवी शाळा काढली, फी ४० पेनींवरून १२ पेनींवर आली, जुन्या मास्तराचं नुकसान झालं पण हक्क मोडला नाही: डॅम्नम सिने इंजुरिया. १७०३ मध्ये ॲशबीला मतदान करू दिलं नाही, त्याचा उमेदवार निवडूनही आला, तरी हक्क मोडला म्हणून भरपाई: इंजुरिया सिने डॅम्नो. ही जोडी मुलं उलटसुलट लिहितात, तू मास्तर आणि मतदार एवढं लक्षात ठेव. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८, म्हणजे तुमच्या भागातलं शेततळं फुटून शेजाऱ्याच्या खाणीत पाणी गेलं असं समज: काही अपवाद सोडले तर तळेवाल्याची चूक नसली तरी भरपाई. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. भोपाळला वर्ष होतंय तोच, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायू गळला, तीस हजारी कोर्टातले एक वकील गेले. धोक्याचा धंदा करणाऱ्याला कोणताही बचाव नाही, असं एम. सी. मेहता केसमध्ये कोर्टाने ठरवलं. रायलंड्समधले अपवाद इथे का काढून टाकले, यावर दरवर्षी प्रश्न येतो. त्याची तयारी पूर्ण कर.

आता या आठवड्याचं काम. वही आणि घड्याळ घेऊन तीन रात्री खिडकीशी बस. माग किती वाजता सुरू होतात, किती वाजता थांबतात, किती एकदम चालतात, डबे हलतात का, धाकट्यांची झोप मोडते का, सगळं वेळेसकट लिही. मग तोच प्रश्न घेऊन दोन उत्तरं लिही. आधी मालकाच्या बाजूचं लिही, मनापासून, कारण त्या शेडमधून आठ-दहा घरांची चूल पेटते आणि त्यात तुझंही घर आहे. मग शेजाऱ्याच्या बाजूचं. प्रत्येक उत्तरात तीनच केसेस, पण प्रत्येक केसनंतर एक वाक्य हवं: 'इथे मात्र…' किंवा 'इथेही तसंच…'. दोन्ही उत्तरं मला पाठव. लाल पेनाने तपासून परत पाठवीन, आणि सरांना दाखवायला लाजू नकोस.

तुझी,
वकील अक्का